चवथीच्या महिन्यावर वर्ष काढता येत नाही

पत्र

ताई, स. न.

मी डिचोली तालुक्यातला, वय २८. कुंडईला एका कारखान्यात कंत्राटावर पॅकिंगमध्ये आहे. पगार १९,५००. चार वर्षांपूर्वी आईच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकायला लागलो. आज १४ हजार सबस्क्रायबर आहेत. गेल्या बारा महिन्यांत सात वेळा पैसे जमा झाले, एकूण १ लाख १२ हजार. त्यातले ५२ हजार चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) वेळच्या दोन महिन्यांचे. फणस कापतानाचा एक शॉर्ट (छोटा व्हिडिओ) नऊ लाख लोकांनी बघितला, पण त्याचे जेमतेम ११०० रुपये आले.

शिफ्टमुळे जमत नाही. नोकरी सोडून पूर्ण वेळ हेच करावं आणि अडीच लाखांचं कर्ज काढून चांगला कॅमेरा आणि ड्रोन घ्यावा असं मनात आहे. बाबांचे खाणीवर दोन ट्रक होते. ते म्हणतात, "हो धंदो न्हय, खेळ." आई काहीच बोलत नाही. एका गेमिंग ॲपवाल्याने तीस सेकंदांच्या जाहिरातीचे ४० हजार देऊ केलेत, तेही घेऊ का ते सांगा. यावर घर चालेल का?

— संभ्रमात, डिचोली

उत्तर

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. आत्ता नोकरी सोडू नकोस. कर्ज तर मुळीच काढू नकोस. ॲपवाल्याला नाही म्हणून सांग. आणि चॅनल मात्र बंद करू नकोस, घरात कोणी कितीही नाक मुरडलं तरी.

आता तुझ्या बाबांबद्दल. तू त्यांचं वाक्य जरा तक्रारीच्या सुरात लिहिलं आहेस. पण ज्या माणसाचे खाणीवर दोन ट्रक होते, त्याला 'धंदा एका रात्रीत बसला' या शब्दांचा अर्थ तुझ्यामाझ्यापेक्षा चांगला कळतो.

मी तेहतीस वर्षं बँकेत काढली. त्यातली काही खाणपट्ट्यातल्या एका शाखेत. २०१० च्या सुमाराला आमच्याकडे ट्रकच्या कर्जासाठी रांग असायची. आपली हलक्या प्रतीची लोहखनिजाची मातीही चीनला चालत होती. खाणीवरून जेटीपर्यंत आणि जेटीवरून बार्जमध्ये, असा माल अखंड वाहत होता. एक जण आला होता, हातात शाळेची दोनशे पानी वही. रोजच्या खेपा, डिझेल, ड्रायव्हरचा भत्ता, सगळं नीट लिहिलेलं. त्याने मला जानेवारीचं पान उघडून दाखवलं. आकडा बघून मी खूश. मी सही केली. पावसाळ्याची पानं उलटून बघितली नाहीत, आणि हे एकाच गिऱ्हाइकाचं काम आहे, ते गिऱ्हाईक उद्या गेलं तर काय, हेही विचारलं नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. काही महिन्यांनी तोच माणूस आला आणि त्याने किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. वहीही आणली होती, का कोण जाणे. पुढे खाणी थोड्या सुरू झाल्या आणि २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या, ते तुझ्या घरात तू पाहिलं असशीलच.

त्या कर्जात चूक त्याची जेवढी, तेवढीच माझी होती. म्हणून तुझं पत्र वाचताना मी पहिल्यांदा चवथीचे ५२ हजार बाजूला काढले.

उरले साठ हजार. दहा महिन्यांचे. म्हणजे महिन्याला सहा हजार. तुझ्या चॅनलचा पगार हा आहे. १ लाख १२ हजारांना बाराने भागून नऊ हजार तीनशे असं जे तू मनात धरलं असशील, तो आकडा विसर, कारण किराणावाला, गॅसवाला आणि वीज खातं चवथीपर्यंत थांबत नाहीत. त्यातही पैसे बारा नव्हे, सातच वेळा आले. खात्यात शंभर डॉलर साठल्याशिवाय गूगल पैसे सोडत नाही. शंभर डॉलर म्हणजे नऊ हजार रुपयांच्या आसपास. तुझ्या कोरड्या महिन्यांत तेवढे भरतच नाहीत, मग दोन महिन्यांचे मिळून एकदम येतात. नोकरदार घराला ही सवय नसते. नाटकात पेटीवर बसणाऱ्याला, मासेमारीवाल्याला असते.

आता तुझी पाठ थोपटते, कारण पुढे बरंच ओरडायचं आहे. मे २०२५ मध्ये मुंबईत यूट्यूबच्या मुख्याधिकाऱ्यांनी, नील मोहन यांनी, जाहीर केलं की तीन वर्षांत भारतात कंपनीने २१ हजार कोटींहून जास्त रक्कम वाटली. आकडा ऐकून सगळ्यांचे डोळे विस्फारले. त्याच भाषणात आणखी दोन आकडे होते, त्यांच्याकडे फारसं कोणी बघितलं नाही. आधीच्या वर्षभरात देशात १० कोटींहून अधिक चॅनलांनी काही ना काही टाकलं, आणि दहा लाखांवर सबस्क्रायबर असलेली चॅनल १५ हजारांच्या वर आहेत. बँकेतली सवय, मी लगेच भागाकार केला. वर्षाला सात हजार कोटी, दहा कोटी चॅनल: एकेकाच्या वाट्याला वर्षाला सातशे रुपये. आणि हे पैसे एकट्यादुकट्या व्हिडिओवाल्यांनाच नव्हे, मोठमोठ्या संगीत कंपन्यांना आणि वाहिन्यांनाही गेलेले. दहा लाखांवर पोचलेले साडेसहा हजारांत एक. भागाकार ढोबळ आहे, पण तू कुठे उभा आहेस ते त्यावरून कळतं. वर्षाला लाखाच्या वर कमावणारं तुझं चॅनल बहुतेकांच्या कितीतरी पुढे आहे. तरी त्यावर घर चालत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि बाबांना पहिली दिसत नाही, तुला दुसरी.

पैसे येतात कसे, ते तुला ठाऊक असेल, पण बाबांसाठी लिहिते. पेपर त्यांना वाचायला दे. हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास पाहिलं गेलं की जाहिरातीच्या पैशांत हिस्सा सुरू होतो. (शॉर्टवाल्यांसाठी वेगळी अट आहे, तीन महिन्यांत एक कोटी व्ह्यूज.) लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीतले ५५ टक्के व्हिडिओवाल्याला. शॉर्टचं तसं नसतं. तिथे सगळ्या जाहिरातींचे पैसे एका हौदात जातात, व्ह्यूजप्रमाणे वाटे पडतात आणि आपल्या वाट्यातले ४५ टक्के हातात येतात. म्हणून नऊ लाखांचे अकराशे. तुला कोणी फसवलेलं नाही. शॉर्ट हा जत्रेतल्या फेरीवाल्याचा आवाज समज. लोक वळून बघतात, बस. त्यातला कोणी तुझ्या दुकानात शिरला तर खरं.

जाहिरातीचा भाव देशागणिक वेगळा असतो. पुण्यातल्या प्रेक्षकापेक्षा आखातातल्या किंवा लंडनमधल्या प्रेक्षकाचे जास्त मिळतात. तुझ्या चॅनलच्या ॲनॅलिटिक्समध्ये (आकडेवारीच्या पानावर) हे दिसतं, एकदा बसून बघ. मला वाटतं तुझ्या चवथीच्या उडीमागे घराबाहेर असलेले गोवेकर आहेत. सुट्टी न मिळालेला माणूस माटोळी (गणपतीच्या वर टांगलेली फळांची सजावट) बघायला येणारच.

गूगलकडे भरायचा अमेरिकेच्या कराचा फॉर्मही तपासून घे. भारताचा अमेरिकेशी कराबाबत करार असल्याने, तो भरलेला असेल तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे आलेल्या कमाईवर १५ टक्के कापले जातात. नसेल भरला तर एकूण कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कात्री लागू शकते. इथलं रिटर्न भरतानाही हे उत्पन्न दाखवायचं असतं, आणि पगारदारांचा साधा अर्ज त्याला चालत नाही. डिचोलीत एखादा सीए गाठ, फी घेईल, पण रात्रीची झोप लागेल.

आता कर्ज. अडीच लाख, तीन वर्षं, १२ टक्के धरले तर हप्ता बसतो ८,३०० रुपये. वैयक्तिक कर्जाचा दर याहून चढाच असतो. तुझा कोरडा महिना सहा हजारांचा. म्हणजे कॅमेऱ्याचा हप्ताच चॅनल फेडू शकत नाही, घर चालवणं लांबच. ट्रक निदान दुसऱ्या कुणाला विकता तरी येतो, असं तेव्हा आम्ही म्हणायचो. सगळ्यांनी एकदम विकायला काढल्यावर तेही खरं राहिलं नाही. वापरलेला कॅमेरा तर बऱ्याच कमी भावाला जातो.

शिवाय गरज काय? पत्राखाली लिंक दिली होतीस म्हणून मी तुझे नऊ व्हिडिओ बघितले. चित्र स्वच्छ आहे. आवाज वाईट आहे. आई तोणकाचं (कडधान्याच्या रश्श्याचं) वाटण सांगते तेव्हा मागे पंखा आणि बाहेर कुणाची तरी मोटरसायकल, आणि नेमका 'कोथिंबीर किती' तो शब्द बुडतो. कॉलरला लावायचा एक माईक घे आणि खिडकीपाशी बस. दोन-चार हजारांचं काम. ड्रोनने तुझ्या आईची आमटी वरून दाखवणार आहेस का? ड्रोन उडवायला नोंदणी, परवानगी, विमानतळ आणि नौदलाच्या हद्दी हे सगळं बघावं लागतं. नारळांच्या झाडांवरून फिरणारं चित्र गोव्याच्या व्हिडिओत इतकं झालंय की मला आता त्याची शिसारी येते.

आणखी एक. दशावतारी नाटकातला तुकडा घातला आहेस, तो गोड आहे. पण दोन ठिकाणी मागे सिनेमातलं गाणं वाजतंय. गाण्याच्या मालकाने हक्क सांगितला की त्या व्हिडिओची कमाई त्याच्याकडे वळते, आणि कॉपीराइटचे तीन स्ट्राइक (ताकिदी) झाले तर चॅनलच जातं. तुझ्या गावात घुमट वाजवणारी पोरं आहेत ना? त्यांना चहा-भजी दे, आरती रेकॉर्ड करून घे.

इथून मला खरं जे सांगायचं आहे ते सुरू होतं.

तू यूट्यूबवर घर बांधलं आहेस, पण भाट (जमीन) दुसऱ्याचं आहे. आपल्याकडे भाटकाराने (जमीनमालकाने) मुंडकाराला (त्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याला) उठवू नये म्हणून १९७५ साली कायदा झाला. तुझ्या या भाटकाराला तसला कायदा लागू नाही. तो नियम बदलतो आणि तुला ईमेल पाठवतो. २०१८ च्या आधी चार हजार तासांची अट नव्हती. ती आली आणि हजारो छोट्या चॅनलांचे पैसे बंद झाले. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, आणि तिथे लाखोंनी चाहते असलेली माणसं सकाळी उठली ती शून्यावर. काहींनी नव्याने बस्तान बसवलं, बहुतेक कुठे गेले कळलंही नाही. खाणीसारखंच. म्हणून एका भाटकाराच्या जाहिरातीवर पोट ठेवायचं नाही. व्हिडिओमुळे जी माणसं तुझ्या आईला ओळखायला लागली, त्यांना थेट विकता येईल असं काहीतरी हवं. आपल्याकडच्या तियात्रवाल्यांचं (कोकणी नाटकवाल्यांचं) बघ. त्यांचा संसार तिकिटावर चालतो. प्रेक्षक खिशातून पैसे काढतो आणि ते थेट नाटक कंपनीला मिळतात, मध्ये जाहिरातवाला नाही. हौशी मराठी नाटकवाल्यांनी मात्र पिढ्यान्‌पिढ्या बँकेत, शाळेत, पंचायतीत नोकऱ्या केल्या आणि जत्रेला रंग लावला. मीही लावलाय, दोनदा. दोन्ही रस्ते इभ्रतीचे आहेत. फक्त आपण कुठल्या रस्त्यावर आहोत ते माहीत असावं.

तुझ्याकडे विकण्यासारखं काय आहे? मे महिन्यात तुझी आई सोलं (कोकम) वाळवते, ते व्हिडिओत दिसलं. आगळाच्या बाटल्या दिसल्या. शाकुतीचा मसाला ती स्वतः भाजते. व्हिडिओखाली "मसाला मिळेल का?" असं विचारणारे मी मोजले, एकाच व्हिडिओखाली तेवीस निघाले. त्यांना तू हात जोडल्याचं चित्र पाठवलं आहेस! अरे, ते गिऱ्हाईक आहे. अन्नाची एफएसएसएआय नोंदणी करून घे, घरगुती धंद्यालाही ती लागते, ऑनलाइन होते. पन्नास पाकिटांपासून सुरुवात कर, पाचशेपासून नको. मसाल्याच्या पाकिटामागे सगळा खर्च जाऊन साठ रुपये सुटले, तर महिन्याला शंभर पाकिटं म्हणजे तुझा कोरडा महिना दुप्पट. हिशेब असा करायचा. "व्हायरल झालं तर" असा करायचा नाही.

भाषेचंही थोडं बोलते, कारण तू व्हिडिओत कधी मराठी, कधी कोकणी, कधी दोन्हींचं कालवण करतोस आणि त्याबद्दल माफी मागतोस. माफी कशाला? २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती आणि देशभरात मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख. तुझा बाजार पणजी-म्हापशात संपत नाही. आईला तिच्या बोलीत बोलू दे, तीच तुझी ओळख आहे, आणि खाली मराठी ओळी घाल. सांगली-साताऱ्याच्या बाईला तोणक म्हणजे काय, तिरफळं कुठे मिळतात, हे एका ओळीत कळलं पाहिजे. 'मणगणे' लिहिताना शेजारी 'चण्याच्या डाळीची आणि साबुदाण्याची खीर' असं लिहिलंस तर शोधणाऱ्याला सापडेल.

आठ मिनिटांच्या वरच्या व्हिडिओत मध्येही जाहिरात लावता येते, हे कोणीतरी तुझ्या कानात सांगितलेलं दिसतंय. सोलकढी नऊ मिनिटं! सोलकढीला इतका वेळ लागत नाही रे. ताणू नकोस, लोक उठून जातात. उलट माटोळीला तू सहाच मिनिटं दिलीस. कांगलां, घागऱ्यो, आंबाडे, माट्टीची फळं, एकेक कुठल्या रानात मिळतं, कोण आणून विकतं, काय बांधायचं आणि काय नाही, हा अर्ध्या तासाचा विषय आहे. आणि तो दर वर्षी परत बघितला जाणार. पातोळ्यांचा व्हिडिओ दर श्रावणात जागा होतो, ते तुझ्या आकड्यांतच दिसेल. असे वीस व्हिडिओ जमले की ती कुळागरातली (बागायतीतली) माड-पोफळी झाली. लावायला वेळ लागतो, मग वर्षावर्षाला थोडं देत राहते.

ॲपचं. पैसे लावून खेळायचा खेळ असेल तर ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने त्याची जाहिरात करणंही गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मांडवी नदीत कॅसिनोच्या बोटी दिवे लावून उभ्या आहेत म्हणून आपल्याकडे असलं काही वावगं वाटत नाही, हे मला समजतं. पण त्या बोटींना परवाना आहे आणि तुला नसेल. कायदा क्षणभर बाजूला ठेव. तुझ्या आईचा चेहरा बघून लोक थांबतात. त्या चेहऱ्याने तीस सेकंद जुगार विकायचा? चाळीस हजारांत हा सौदा फार स्वस्त आहे. तेलवाला, भांडीवाला, मिक्सरवाला आला तर जरूर घे, मात्र व्हिडिओत 'ही जाहिरात आहे' असं मराठीत, ठळक सांग. २०२३ पासून केंद्राच्या ग्राहक खात्याचे तसे नियम आहेत, आणि फुकट मिळालेल्या वस्तूलाही ते लागू आहेत.

आता तुझ्या पत्रातलं सर्वांत छोटं वाक्य. "आई काहीच बोलत नाही."

तू नोकरी सोडण्याबद्दल बाबांना विचारलंस, मित्रांना विचारलं असशील, मला विचारलंस. ज्या बाईच्या हातांवर हे सगळं उभं आहे तिला विचारलंस का? पूर्ण वेळ तू करणार म्हणतोस, म्हणजे आठवड्याला तीन व्हिडिओ. म्हणजे तिने आठवड्यात तीनदा घरचं रांधून वर कॅमेऱ्यापुढे दुसरं रांधायचं, तेच वाटण दोनदा दाखवायचं कारण पहिल्यांदा फोकस गेला. नऊपैकी सहा व्हिडिओंत तिने तीच निळी साडी नेसली आहे. एकदाच ती हसली, पातोळीचं पान उलटं पडलं तेव्हा. चॅनल तुझ्या नावावर, बँकेचं खातं तुझ्या नावावर. १ लाख १२ हजारांतले तिच्या हातात किती गेले, ते पत्रात नाही. बहुधा "घरातच तर आहेत" असं असेल. घरातले पैसे आणि बाईच्या हातातले पैसे यांत फरक असतो, काउंटरच्या आत बसून मी तो तेहतीस वर्षं बघितला आहे.

हा भावनेचा मुद्दा नाही, धंद्याचा आहे. तिचा हात दुखला, ती कंटाळली, किंवा उद्या घरात सून आली आणि स्वयंपाकघराची घडी बदलली, तर चॅनलचं काय? त्यामुळे पुढचे पैसे जमा होतील तेव्हा निम्मे तिच्या खात्यात टाक. तिचं वेगळं खातं नसेल तर आधी ते उघड. मसाल्याचा धंदा तिच्याच नावाने नोंदव. आठवड्याला एकच व्हिडिओ, आणि दिवस तिने ठरवायचा.

नोकरीचं म्हणशील तर १९,५०० हा पूर्ण आकडा नव्हे. भविष्य निर्वाह निधीत मालक भर घालतो. ईएसआयचं (कामगारांच्या आरोग्यविम्याचं) कार्ड असेल तर तुझ्यावर अवलंबून असलेले आईबाबाही त्यात बसतात. हे स्वतःच्या खिशातून उभं करायचं म्हटलं की किती लागतात, त्याची किंमत काढून बघ. शिफ्टचा मला कळवळा आहे. रात्रपाळी करून आलेला माणूस दुपारी व्हिडिओ जोडत बसतो, त्याचे डोळे कसे होतात ते माझ्या भाच्याच्या तोंडावर बघते. सुपरवायझरकडे कायम सकाळची पाळी मागून बघ. कंत्राटदार ऐकणार नाही म्हणतोस? एकदा माग तरी.

पुढची चवथ येईपर्यंत असंच चालू दे. त्या दोन महिन्यांचे जे येतील ते खर्चू नकोस, आपल्याकडे पावसाआधी पुरुमेंत (बेगमी) भरतात तसं बाजूला ठेव. घरखर्चाचे सहा महिने निघतील एवढी रक्कम साठली, आणि चवथ सोडून राहिलेल्यांतल्या सर्वांत वाईट तीन महिन्यांत व्हिडिओ, मसाला, जाहिरात मिळून हातात पंधरा हजार तरी येऊ लागले, की मला परत लिही. तेव्हा मी स्वतः बाबांशी बोलायला येईन. फोंड्याहून डिचोली काही लांब नाही. तेवढे आले नाहीत तरी तुझ्याकडे एक नोकरी, एक छोटा धंदा आणि आईच्या हातच्या पाऊणशे पदार्थांची नोंद असेल. पोरानातवंडांना दाखवायला एवढी नोंद माझ्या आईची असती, तर मी त्याचे पैसे दिले असते.

आणि एक काम आजच कर. मणगण्याच्या व्हिडिओत आईने गूळ 'बोटांक मानवता तितलो' घाल म्हणून सांगितलं आहे. बोटाला मानवेल तेवढा म्हणजे किती, हे खाली सतरा जणी विचारताहेत. एक वर्षापासून. आईच्या मुठीतला गूळ एकदा काट्यावर ठेव आणि त्यांना ग्रॅममध्ये लिहून टाक.